लवकर जन्मलेलं बाळ घरी आलं, आता दूध कसं, किती आणि कधी पाजायचं

दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ दवाखान्यातून घरी आलं की घरातल्यांचा पहिला सल्ला ठरलेला असतो, रडलं की पाज. पूर्ण दिवसांच्या बाळाला हे चालून जातं, आपल्या बाळाला नाही चालत. सातव्या-आठव्या महिन्यात झालेलं बाळ भूक लागली तरी रडेलच असं नसतं, त्याच्यात तेवढी ताकदच नसते, ते आपलं झोपून जातं आणि घरातले म्हणतात किती गरीब बाळ आहे, आईला त्रासच देत नाही, आणि इकडे वजन जिथल्या तिथं. म्हणून सुरुवातीचे दीड-दोन महिने तरी पाजायचं घड्याळ बघून आणि पोट भरतंय का ते ठरवायचं वजनकाट्यावरून. रडण्यावरून नाही, झोपेवरून नाही, शेजारच्या काकूंच्या अंदाजावरून तर नाहीच नाही.

माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यातली, आता शाळेत जाते, आणि तिच्यानंतर आमच्या चोपडा-यावल भागात ओळखीतल्या कुणाकडे असं बाळ घरी आलं की मला बोलावणं येतं, मग मी जाऊन बसते. त्या सगळ्यातून जे कामाचं वाटलं ते इथं लिहितेय. डॉक्टरांनी तुमच्या बाळासाठी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरायचा, कारण त्यांनी बाळ बघितलंय, मी नाही.

आधी बाळाला जमत का नाही ते समजून घ्या म्हणजे त्याचा राग येणार नाही. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेलं बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर. ओढायचं, गिळायचं आणि मधेच श्वास घ्यायचा, या तीन गोष्टींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास बसायला लागतो, आणि तेव्हाही तो पक्का नसतो. त्यामुळे बाळ दोन-चार घोट ओढतं, थांबतं, परत ओढतं, दमतं, झोपतं. तुमच्या दुधात काही खोट नसते. उलट लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन जास्त असतं, म्हणजे बाळाला जे हवं तेच.

डिस्चार्ज घ्यायच्या आधी एक काम नक्की करा. सिस्टरांच्या समोर तुम्ही स्वतः एक पूर्ण फीड द्या, आणि रात्री घरी तुमच्यासोबत जी बाई जागणार आहे, आई म्हणा, सासूबाई म्हणा, नणंद म्हणा, तिलाही तिथंच एक फीड द्यायला लावा. घरी आल्यावर रात्री दोन वाजता शिकवायला कुणी नसतं. आणि कागदावर लिहून घ्या, घरी जातानाचं वजन किती, दर किती तासांनी किती एमएल, कोणते ड्रॉप्स किती, आणि परत कधी दाखवायचं. डिस्चार्ज कार्डावरचं अक्षर कळत नसेल तर बिनधास्त विचारा, परत परत विचारा.

आता वेळेचं. दर दोन तासांनी, फार तर तीन, दिवस असो की रात्र. आधीचं फीड सुरू केलं तिथून वेळ मोजायची, संपलं तिथून नाही, ही गोष्ट खूप जणींना कुणी सांगतच नाही आणि मग दिवसाकाठी दोन-तीन फीड गळतात. मोबाईलमध्ये अलार्म लावा. बाळ झोपलेलं असेल तर उठवायचं, आणि इथं घरातल्या मोठ्यांशी थोडं वाजतं, कारण झोपलेल्या बाळाला उठवू नये असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांना शांतपणे सांगा, हे बाळ अजून पोटातच असायला हवं होतं, तिथं त्याला नाळेतून सारखं मिळत होतं, आता ते आपण द्यायचंय. उठवायचं कसं तर गुंडाळलेलं दुपटं थोडं सैल करा, लंगोट बदला, तळपायाला बोटाने चोळा, पाठीवरून हात फिरवा. चेहऱ्यावर पाणी शिंपडणं, गाल चिमटणं असलं काही नको. आणि भुकेच्या खुणा ओळखायला शिका, बाळ ओठ चाटतं, तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवतं, मूठ तोंडाकडे नेतं. ही खूण दिसली की अलार्मची वाट बघायची नाही, लगेच घ्यायचं, रडायला लागेपर्यंत थांबलात तर रडण्यातच त्याची ताकद संपते.

अंगावर घेताना मांडीवर आडवं टाकून घेण्याची आपली नेहमीची पद्धत या बाळांना बरेचदा जमत नाही, मान अगदीच लुळी असते ना. त्याऐवजी उजव्या बाजूचं पाजायचं असेल तर बाळाला डाव्या हातावर घ्या, त्याचं सगळं अंग तुमच्या डाव्या हातावर आणि तुमचा पंजा त्याच्या मानेखाली, कानामागे, म्हणजे डोकं तुमच्या ताब्यात राहतं. पण डोक्याला मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ मागे ताणतं. नाहीतर काखेखालची पद्धत, बाळाचं अंग तुमच्या कुशीला आणि पाय पाठीकडे, सिझेरियन झालेल्या बाईला ही फार सोयीची, टाक्यांवर भार येत नाही. जुळी असतील तर दोन्हीकडे दोन अशीही घेता येतात, पण ते हात बसल्यावर, सुरुवातीला एकेक. बाळाचं तोंड मोठं उघडू द्या, नुसतं निपल नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. असं असेल तर दुखत नाही. दुखत असेल तर पकड चुकलीय, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा.

बाळ ओढता ओढता थांबलं की लगेच काढू नका, थोडं थांबा, छातीला हाताने हलकं दाबा, दुधाची धार आली की ते परत ओढायला लागतं. एक बाजू नीट रिकामी होऊ द्या मग दुसरी, कारण शेवटी शेवटी येणारं दूध जास्त घट्ट, जास्त स्निग्ध असतं आणि वजन त्याच्यावरच वाढतं. काही जणींना पान्हा इतका जोरात फुटतो की बाळाला ठसका लागतो, त्यांनी आधी थोडं वाटीत पिळून काढायचं, धार मऊ झाली की मग लावायचं.

आणि वीस-तीस मिनिटांच्या वर ताणायचं नाही. तासभर छातीला लावून बसलेल्या बायका मी बघितल्यात, त्यांना वाटतं जास्त वेळ म्हणजे जास्त दूध, पण या बाळाचं तसं नसतं, दूध ओढायलाच त्याची शक्ती जाते, पोटात जेवढं जातं त्यापेक्षा जास्त खर्च होऊन बसते. दमल्याच्या खुणा बघा, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळायला लागतं, हाताची बोटं फाकतात, भुवया वर जातात, डोळे मिटून अंग सैल सोडतं. तिथं थांबायचं आणि उरलेलं वाटीने द्यायचं. ओठाभोवती निळसर दिसलं किंवा श्वास अडकल्यासारखं झालं तर लगेच थांबवून बाळाला उभं धरा, आणि असं परत झालं तर फोन-बिन नाही, सरळ दवाखाना.

म्हणजे पद्धत अशी बसते बघा, प्रत्येक फीडला आधी दहा-पंधरा मिनिटं अंगावर, आणि मग काढून ठेवलेलं आईचंच दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. जसजसं बाळ छातीवर जोर धरतं तसतसं वरून द्यायचं कमी करायचं, पण हे कमी करणं डॉक्टरांना विचारून आणि दोन-तीन दिवसांनी वजन बघून. आज छान ओढलं म्हणून उद्यापासून वाटी बंद, असं एकदम नको.

दूध काढायचं कसं. हात साबणाने धुवा, नखं कापलेली, बांगड्या वर सारा. छातीला हलका मसाज करा, गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं ठेवला तरी चालतो. मग अंगठा वर आणि बाकी बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेवर, आधी आत छातीकडे दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडे दाबायची, दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. निपल ओढायचं नाही, चिमटायचं नाही, बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिली मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही, धीर सोडू नका. बाळ समोर असलं, अंगाला लागलेलं असलं की पान्हा लवकर फुटतो. चोवीस तासांत निदान आठ वेळा छाती रिकामी झाली पाहिजे, ओढून किंवा काढून, आणि त्यातली एक वेळ रात्रीची, कारण दूध तयार करणारं हार्मोन रात्री जास्त असतं. दूध कमी आहे म्हणून काढत नाही असं म्हणणाऱ्या बायका भेटतात, पण न काढल्यानेच ते कमी होत जातं. पंप असला तर चांगलं, नसला तरी हातानं सगळं होतं.

बोंडलं आपल्याकडे जुन्या घरात असतंच, स्टीलचं असेल तर ते वापरा, चांदीचं नक्षीवालं नको कारण नक्षीत दूध अडकतं. दवाखान्यात त्यालाच पलाडाई म्हणतात. बाळ जागं पाहिजे, मांडीवर अर्धवट बसवल्यासारखं, डोकं हातावर, गळ्याखाली रुमाल. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याकडे टेकवा आणि इतकंच तिरकं करा की दूध ओठाला लागेल. बाळ जीभ काढून चाटतं, घोट घेतं, तो गिळू द्या, मग पुढचा. घशात ओतायचं नाही, ही गोष्ट आजीबाईंना सांगावीच लागते, कारण त्यांच्या हाताला घुटी ओतायची सवय असते आणि या बाळाच्या श्वासनळीत दूध जायला वेळ लागत नाही. झोपलेल्या किंवा रडणाऱ्या बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही. किती एमएल गेलं ते कळायला सुई नसलेली सिरिंज घ्या, मोजून बोंडल्यात टाका, आणि रुमालावर सांडलेलं वजा धरा. प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवून, पाण्यात बुडवून, पाणी खळखळ उकळल्यावर दहा मिनिटं ठेवायचं. झाकण ठेवून तसंच निथळू द्या, पदराने पुसू नका.

आता किती द्यायचं. पूर्ण फीडवर आलेल्या बाळाला साधारणपणे दिवसाला किलोमागे १५० ते १८० एमएल लागतं. समजा बाळ १८०० ग्रॅमचं आहे आणि डॉक्टरांनी किलोला १६० सांगितलं, तर दिवसाचे झाले २८८ एमएल. दोन तासांनी देत असाल तर बारा फीड, म्हणजे एका वेळी २४. तीन तासांनी दिलं तर आठ फीड, एका वेळी ३६. आकडा छोटा वाटतो पण या पोटाला तो बरोबर असतो. आणि हा हिशोब वजनावर आहे हे विसरू नका, बाळ २२०० झालं आणि तुम्ही अजून २४ च देताय तर वाढ अडकणार. म्हणून दर आठवड्याला वजन झालं की नवीन आकडा विचारून घ्यायचा. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाचं असं मोजता येत नाही, तिथं शू आणि वजन हेच माप.

काढलेलं दूध ठेवण्याचा प्रश्न आपल्या खान्देशात वेगळाच. पुस्तकात लिहिलेलं असतं खोलीत चार तास चालतं, पण ती खोली पंचवीस डिग्रीची धरलेली असते. भुसावळ-जळगावचा मे महिना ४४-४५ डिग्रीचा, त्यात लाईट गेली की घर भट्टी होतं. तेव्हा उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवायचंच नाही, काढलं की पाजलं, उरलं तर लगेच फ्रीज. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही, झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, वर चिकटपट्टी लावून वेळ लिहा, आणि चोवीस तासांच्या आत संपवा. लाईट तासन्‌तास जाणाऱ्या गावात फ्रीजवर विसंबू नका, प्रत्येक फीडला ताजं काढा, कष्ट आहेत पण तेच खात्रीचं. फ्रीजमधलं दूध गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय आल्यासारखी दिसते, ती काढून टाकू नका, हलकं फिरवून मिसळा, तोच तर ताकदीचा भाग. बाळाच्या तोंडाला लागून उरलेलं दूध परत ठेवायचं नाही.

बाटली नको. बाटलीचं निपल, तिच्या झाकणाचे आटे, आतल्या कडा, हे सगळं घरी जंतू मारून स्वच्छ करणं खरंच अवघड आहे, आणि बाटलीतून दूध सहज येतं म्हणून बाळ मग छातीला लागायला कंटाळतं. आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, बाटल्यांची आणि बाळाच्या दूध पावडरची जाहिरातच करता येत नाही, एवढं सरकारलाही कळलंय.

दूध खरंच पुरत नसेल, आई आजारी असेल, तर डॉक्टर पावडरचं दूध लिहून देतात, कमी दिवसांच्या बाळांचं ते वेगळं येतं. त्यात लाज वाटून घ्यायचं काही नाही. पण मग डब्यावर लिहिलेलं माप म्हणजे माप, आधी पाणी मग पावडर, चमचा सपाट करून. डबा महिनाभर पुरावा म्हणून पाणी जास्त घालणं हे मी खूप ठिकाणी बघितलंय, आणि मन तुटतं, कारण त्या घरात पैसे नसतात म्हणूनच ते होतं. तसं असेल तर लपवू नका, आशाताईला, डॉक्टरांना सांगा, आईचं दूध वाढवायला ते मदत करतील. पाणी उकळलेलं, आणि उकळून अर्ध्या तासाच्या आत त्यात पावडर घालायची, कारण पावडर काही जंतूमुक्त नसते, गरम पाण्यातच त्यातले जंतू मरतात. मग वाटी थंड पाण्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. एका वेळेपुरतंच करायचं. डॉक्टरांनी आईच्या दुधात मिसळायची पुडी दिली असेल तर तीही सांगितलेल्या मापानेच, जास्त घातली म्हणून जास्त वजन वाढत नाही, पोट फुगतं.

गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध वर्षभर नाही. शेळीचं हलकं असतं, पाणी घालून दिलं तर पचतं, असं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये फार ऐकायला मिळतं. त्यातले क्षार या बाळाच्या किडनीला झेपत नाहीत, आणि पाणी घातलं की ताकद कमी होते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. मध तर अजिबात नाही, वर्षाच्या आत मधातून बाळाला फार घातक विषबाधा होऊ शकते. घुटी, ग्राईप वॉटर, एरंडेल, गुळाचं पाणी, काहीही नाही. आणि पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. "एवढ्या ऊनमा पोरले पानी बी नही का व माय" असं आजी कळवळून म्हणते, तिची माया खरी असते, तिला समजावून सांगायचं की आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं, तहान त्यातच भागते. पाण्याने एवढंसं पोट भरलं तर दुधाला जागा कुठं राहणार.

पाणी आईला द्या, तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही प्रथा आपल्या उन्हाळ्यात तर फारच वाईट. तिला एरवीपेक्षा दिवसाला पाच-सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक जेवण जास्तच समजा. डिंकाचे-मेथीचे लाडू, हाळिवाची खीर चांगलीच आहे, पण नुसत्या लाडवांवर बाई ठेवू नका. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वरण, पालेभाज्या, अंडी चालत असतील तर अंडी, आणि केळी. रावेर-यावलच्या केळीच्या बागांच्या मधोमध राहून बाळंतिणीला केळं देत नाहीत, थंड पडतं, बाळाला सर्दी होते म्हणून. तसं काही होत नाही, खाऊ द्या तिला.

थंडीचं मात्र खरं. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो, आणि हे बाळ गार पडलं की आधी ओढायचं बंद होतं. बाळ ओढत नाहीये तर पहिल्यांदा तळपायाला हात लावून बघा. कांगारू पद्धत दवाखान्यात शिकवली असेलच, बाळाला फक्त टोपी-लंगोट-मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे, वरून साडी किंवा शाल. जितका जास्त वेळ जमेल तितकं चांगलं, आठ तासांच्या पुढे कितीही. बाळ ऊबेत राहतं, त्याची शक्ती वजनाकडे जाते, आणि दूधही वाढतं. आई आंघोळीला गेली तर बाबांनी घ्यावं, बाबांची छातीही तितकीच गरम असते. मे महिन्यात कूलरचा झोत थेट बाळावर नको एवढं बघा.

वजन एरवी आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, कपडे काढून. अंगणवाडीत काटा असतो, आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात तेव्हा त्यांच्याकडेही असतो. रोज २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशेच्या आसपास वाढ दिसायला हवी. रोज रोज करू नका, त्याने नुसती घालमेल होते. रोज बघायचं ते शू, चोवीस तासांत सहा ते आठ वेळा झाली की पोटात दूध जातंय. एक साधी वही करा, वेळ, किती मिनिटं अंगावर, किती एमएल वरून, शू, शी. रात्री डोकं चालत नाही, वही चालते, आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर आठवतच नाही काही. वही लिहायचं आणि रात्रीचं बोंडलं उकळायचं काम बाबांना द्या, हे त्यांचंही बाळ आहे.

ड्रॉप्सचं. व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट बहुतेक सगळ्यांना असतं, पण बाजारात एका एमएलमध्ये ४०० वालेही ड्रॉप्स मिळतात आणि ८०० वालेही, तेव्हा मेडिकलवाल्याने दुसरी कंपनी दिली तर बाटलीवरचा आकडा बघूनच द्या. लोहाचे ड्रॉप्स दोन आठवडे ते दोन महिने, या मधे कधीतरी सुरू होतात आणि बहुधा वर्षाचं होईपर्यंत चालतात, त्याने शी काळपट होते, घाबरू नका. खूप कमी वजनाच्या बाळांना कॅल्शियमचं औषधही असतं, ते आणि लोह एकाच वेळी द्यायचं नाही, मधे दोन तास जाऊ द्या. डोस वजनावर असतो, म्हणून वजन वाढलं की डोसही विचारायचा. दूध अंगावरचंच देतोय मग औषध कशाला असं म्हणून बंद करू नका, पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बाळ लोह-कॅल्शियमचा साठा करतं, आपल्या बाळाला ते महिने मिळालेच नाहीत.

पाजून झालं की खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, वीस मिनिटं उभंच राहू द्या, मग झोपवताना पाठीवर, पालथं नाही, डोक्याखाली उशी नाही. थोडी गुळणी टाकणं रोजचंच. पण उलटी हिरवी असेल, पोट फुगून कडक झालं असेल, शीमधून रक्त जात असेल, लागोपाठ दोन फीड बाळाने घेतलीच नाहीत, अंग ढिलं पडलंय, ताप आहे किंवा दुपट्यात असूनही गार पडतंय, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याच्या वर आहे किंवा छाती आत ओढली जातेय, झटके येतायत, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, यातलं एकही असलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा, जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात न्या, सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला उपचार आणि गाडी मोफत आहे. मोलगी-धडगावकडच्या लोकांनी तर अजून लवकर निघायचं, घाट उतरायलाच किती वेळ जातो ते तुम्हाला माहीतच आहे. वाटेत बाळ छातीशी, कांगारूतच.

सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर नाही हा आपला रिवाज या बाळांच्या फार कामाचा आहे, तो वापरा, बघायला येणाऱ्यांना दारातून बघू द्या, पापे घेऊ देऊ नका, खोकला-सर्दीवाल्याला खोलीतच नको. पण दवाखान्याच्या तारखेला सव्वा महिना आडवा आणायचा नाही. वजनाची तारीख, आणि ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी, ती जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते, फारच लवकर झालेल्यांची त्याच्याही आधी. कापूस वेचणीच्या दिवसांत आईला शेतात जावंच लागलं तर निघायच्या आधी पाजून, शिवाय दूध काढून ठेवून, आणि घरी बोंडल्याने पाजता येणारं माणूस ठेवून, पण पहिले तीन महिने तिला घरी ठेवता आलं तर घरच्यांनी काहीही करून ठेवावं.

शेवटी वरचं खाणं. इथं खरं वय आणि धरायचं वय वेगळं. बाळ ३२ आठवड्यांत झालं म्हणजे ४० ला आठ आठवडे कमी, तर चार महिन्यांचं झालं तेव्हा धरायचं दोन महिन्यांचं. लस मात्र जन्मतारखेनेच, त्यात वजाबाकी नाही. वरचं खाणं धरलेल्या वयाने साधारण सहा महिन्यांना, मान नीट धरत असेल, आधाराने बसत असेल, चमचा तोंडात घातला की जिभेने बाहेर ढकलत नसेल तर, आणि डॉक्टरांना विचारून. सहाव्या महिन्यात शेजारचं पूर्ण दिवसांचं बाळ वरणभात खायला लागलं म्हणून आपल्याला घाई नको. सुरुवात पातळ न करता, चमच्यावरून पटकन घसरणार नाही इतपत घट्ट, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वरून तूप घालून, नाचणीची खीर आईच्या दुधात, नाहीतर पिकलेलं केळं काट्याने कुस्करून. दोन-तीन चमच्यांपासून, एक पदार्थ तीन दिवस, मग दुसरा. मीठ-साखर वर्षभर नाही, आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच.